ध्वनियुक्त प्रतिकृती रेल्वे इंजिने

प्रतिकृती रेल्वे इंजिन म्हणजे प्रत्यक्ष रेल्वे इंजिनाची ठरावीक प्रमाणात लहान केलेली, बहुधा विजेवर धावणारी प्रतिकृती होय. अशी इंजिने जमवणे, त्यांच्यासाठी रूळ, स्थानके व भूप्रदेश तयार करणे आणि त्यांत मूळ इंजिनाचा आवाज काढणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवणे हा जगभर जोपासला जाणारा छंद आहे. या उपकरणाला ध्वनी डिकोडर असे म्हणतात. आकार, रंग व क्रमांक हुबेहूब उतरवलेली प्रतिकृतीही आवाजाच्या बाबतीत चुकीची असू शकते. त्यामुळे कोणत्या इंजिनाला कोणता आवाज जोडला आहे, हा प्रश्न या छंदात महत्त्वाचा ठरतो. ज्या मार्गांवरून जुनी इंजिने नाहीशी झाली आहेत, तेथे हा प्रश्न स्थानिक इतिहासाच्या नोंदीशी जोडला जातो. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर तालुक्यांतील रेल्वेमार्ग हे याचे एक उदाहरण आहे.

मापप्रमाण आणि रूळरुंदी

प्रतिकृती मूळ वस्तूच्या कितव्या हिश्शाची आहे, हे मापप्रमाणावरून कळते. सर्वाधिक प्रचलित असलेले एचओ हे मापप्रमाण १:८७ असे आहे. ब्रिटनमध्ये ओओ (१:७६), कमी जागेसाठी एन (१:१६०) आणि बागेतील रेल्वेसाठी जी (१:२२.५) ही मापप्रमाणे वापरली जातात. एचओ व ओओ या दोन्हींसाठी रुळांच्या आतील कडांमधील अंतर १६.५ मिमी, तर एनसाठी ९ मिमी असते.

एचओचे १६.५ मिमी हे अंतर युरोप व अमेरिकेतील १,४३५ मिमी या प्रमाणित रूळरुंदीवरून आले आहे. भारतीय ब्रॉडगेजची रुंदी १,६७६ मिमी असल्याने ती १:८७ या प्रमाणात सुमारे १९.३ मिमी व्हावयास हवी. बाजारात मिळणाऱ्या १६.५ मिमीच्या रुळांवर भारतीय ब्रॉडगेज इंजिनाची प्रतिकृती चालवल्यास रूळ सुमारे १४ टक्के अरुंद ठरतात आणि समोरून पाहताना इंजिनाची चाके शरीराच्या मानाने आत गेलेली दिसतात. बहुतेक भारतीय छांदिष्ट ही तडजोड स्वीकारतात. काही जण स्वतः रूळ घडवून योग्य रुंदी साधतात.

नॅरोगेजची स्थिती याच्या उलट आहे. दौंड–बारामती मार्ग मुळात २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिमी रुंदीचा होता. १:८७ या प्रमाणात ही रुंदी सुमारे ८.८ मिमी होते आणि एन मापप्रमाणाचे तयार ९ मिमी रूळ तिच्यासाठी जवळजवळ अचूक ठरतात. म्हणजेच बाजारातील साहित्य वापरून मुंबई–सोलापूर ब्रॉडगेज मार्गापेक्षा बारामतीची छोटी रेल्वे अधिक यथातथ्य मांडता येते. लांबी मात्र प्रमाणात राखता येत नाही. सुमारे ४४ किमीचा हा मार्ग १:८७ प्रमाणातही सुमारे ५०० मीटर भरेल. त्यामुळे एखादे स्थानक, एखादा पूल व थोडा उघडा माळ असे निवडक भागच मांडले जातात.

इतिहास

जर्मनीतील मेर्कलिन या कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत क्रमांकित व प्रमाणित रूळरुंदीची खेळण्यातील रेल्वे मांडली. त्यामुळे वेगवेगळ्या वेळी घेतलेले रूळ, इंजिने व डबे एकमेकांना जुळू लागले आणि संग्रह वाढवत नेणे शक्य झाले. १९३० च्या दशकात टेबलावर मावणाऱ्या लहान रेल्वे लोकप्रिय झाल्या. एचओ या नावाचा अर्थच ‘अर्धा शून्य’, म्हणजे शून्य क्रमांकाच्या मापाचा निम्मा, असा आहे. अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने चाके, रूळ व विद्युतजोडणी यांची मानके ठरवली.

प्रारंभीच्या विद्युत प्रतिकृतींत रुळांमधील विद्युतदाब कमीजास्त करून वेग बदलला जाई. या पद्धतीत एका विद्युतखंडावरील सर्व इंजिने एकाच वेळी धावत किंवा थांबत आणि थांबलेल्या इंजिनाला वीज मिळत नसल्याने त्याचा दिवा व आवाजही बंद पडे. १९८० च्या दशकात डिजिटल नियंत्रणाच्या पद्धती बाजारात आल्या. जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या पद्धतीवर आधारलेले डीसीसी हे मानक १९९० च्या दशकात वरील असोसिएशनने स्वीकारले. त्याच दशकात इंजिनात मावतील एवढे लहान ध्वनी डिकोडर उपलब्ध होऊ लागले.

डिजिटल नियंत्रण

डीसीसी पद्धतीत रुळांना सतत पूर्ण विद्युतदाब दिलेला असतो. एचओसाठी तो साधारण १४ ते १६ व्होल्ट असतो. या विद्युतदाबाची दिशा अतिशय वेगाने उलटसुलट केली जाते आणि प्रत्येक बदलाच्या कालावधीत संदेश दडलेला असतो. अर्धस्पंदाचा काळ ५८ मायक्रोसेकंद असल्यास तो ‘१’ आणि किमान सुमारे १०० मायक्रोसेकंद असल्यास तो ‘०’ मानला जातो. एकाच तारेतून वीज व आज्ञा अशी दोन्ही कामे होतात.

प्रत्येक आज्ञेत इंजिनाचा पत्ता, सूचना व पडताळणी असे तीन भाग असतात. नव्या डिकोडरचा पत्ता बहुधा ३ असतो, तो द्विमान पद्धतीत ००००००११ असा लिहितात. पुढे जाण्याच्या एका वेगाची सूचना ०११०१००० अशी असेल, तर पडताळणीचा भाग ०११०१०११ होतो. वरील दोन संख्यांतील समान स्थानचे अंक सारखे असल्यास ० आणि वेगळे असल्यास १, या नियमाने तो मिळतो. डिकोडर हीच क्रिया स्वतः करून पाहतो. उत्तर न जुळल्यास तो आज्ञा दुर्लक्षित करतो. रुळांवरील धुळीमुळे संदेश तुटला, तरी इंजिन भलतीच आज्ञा पाळत नाही, ते यामुळे.

डिकोडरमधील बदलता येणाऱ्या मूल्यांना सीव्ही म्हणतात. सीव्ही १ मध्ये पत्ता, सीव्ही ३ मध्ये वेग वाढण्याची गती, सीव्ही ४ मध्ये वेग कमी होण्याची गती आणि सीव्ही ५ मध्ये कमाल वेग साठवलेला असतो. ध्वनियुक्त इंजिनात सीव्ही ३ व ४ विशेष महत्त्वाचे आहेत. शेकडो टनांची गाडी ओढणारे इंजिन एका झटक्यात सुटल्यास आवाज कितीही चांगला असला तरी तो खोटा वाटतो.

ध्वनी डिकोडरचे कार्य

ध्वनी डिकोडरमध्ये प्रत्यक्ष इंजिनाचे ध्वनिमुद्रण लहान तुकड्यांत साठवलेले असते. डिकोडर मोटारीचा वेग व तिच्यावरील भार सतत मोजतो आणि त्यानुसार योग्य तुकडा योग्य वेळी वाजवतो. आवाज कशाशी बांधावयाचा, हे इंजिनाच्या प्रकारावर अवलंबून असते.

वाफेचे इंजिन : वाफेच्या इंजिनाची झुकझुक चाकांच्या फिरण्याशी बांधलेली असते. दोन सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने वाफ सोडली जाते. त्यामुळे चालक चाकाच्या एका फेऱ्यात वापरलेली वाफ चार वेळा धुराड्यातून बाहेर पडते. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूपी वर्गाच्या इंजिनाचे चालक चाक सुमारे १.७ मीटर व्यासाचे होते. ताशी ६० किमी वेगाला असे चाक सेकंदाला सुमारे तीन फेरे घेते आणि झुकझुक सेकंदाला बारा-तेरा वेळा उमटते. प्रतिकृतीत एका फेऱ्याला चारऐवजी तीन किंवा पाच ठोके पडत असतील, तर जाणकाराला ते लगेच कळते.

डिझेल इंजिन : डिझेल-विद्युत इंजिनाचा आवाज वेगाशी थेट बांधलेला नसतो. चालक नॉच वाढवतो, तसा आधी इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी त्यानंतर हळूहळू हलू लागते. वेग मिळाल्यावर नॉच खाली आणल्यास धावत्या गाडीचे इंजिनही शांत होते. डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन १९६२ साली अमेरिकेतील अ‍ॅल्को कंपनीकडून भारतात आले आणि १९६४ पासून वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये तयार होऊ लागले. त्यातील चतुर्घाती, सोळा सिलिंडरांचे यंत्र मिनिटाला सुमारे ४०० ते १,००० फेरे घेते. एका फेऱ्यात आठ सिलिंडरांत ज्वलन होत असल्याने त्याच्या मूळ ध्वनीची वारंवारता सुमारे ५३ ते १३३ हर्ट्झ भरते. नंतरच्या डब्ल्यूडीजी-४ व डब्ल्यूडीपी-४ या इंजिनांतील सोळा सिलिंडरांचे यंत्र द्विघाती असून त्यात प्रत्येक फेऱ्याला सर्व सिलिंडरांत ज्वलन होते. त्यामुळे दोहोंचे आवाज स्पष्टपणे वेगळे ऐकू येतात.

विद्युत इंजिन : येथे ज्वलनाचा आवाज नसतो. पंख्यांची घरघर, हवेच्या कॉम्प्रेसरचा ठोका, रोहित्राचा गुंजारव व पेंटोग्राफ वर चढण्याचा आवाज एवढेच घटक उरतात. जुन्या इंजिनांत विद्युतदाब टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या यंत्रणेचा टकटक आवाज, तर डब्ल्यूएपी-७ सारख्या त्रिकला इंजिनांत सुटताना चढत जाणारा स्वर ऐकू येतो.

यांखेरीज भोंगा, शिट्टी, ब्रेक व डबे जोडण्याचे आवाज स्वतंत्र कळींवर ठेवलेले असतात.

स्पीकरची मर्यादा

एचओ इंजिनात मावणारा स्पीकर काही सेंटिमीटरपेक्षा मोठा नसतो आणि ५३ हर्ट्झसारखा खर्ज तो जवळजवळ काढूच शकत नाही. तरीही ऐकणाऱ्याला खर्जाचा भास होतो. मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट व चौपट वारंवारतेचे स्वर ऐकू आल्यास मेंदू नसलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. डिकोडरसाठी ध्वनी तयार करणारे तंत्रज्ञ याचा उपयोग करून घेतात.

स्पीकरच्या पडद्याच्या पुढून व मागून निघणाऱ्या ध्वनिलहरी परस्परविरुद्ध असतात. त्या एकत्र आल्यास एकमेकींना नाहीसे करतात. म्हणून स्पीकरच्या मागे हवाबंद पेटी असणे आवश्यक आहे. या पेटीला बारीक फट राहिली तरी आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पातळ होतो. चांगला परिणाम मिळण्यासाठी महागड्या डिकोडरपेक्षा नीट बंद केलेली पेटी अनेकदा अधिक उपयोगी पडते.

डिकोडर बसवण्याची प्रक्रिया

नव्या प्रतिकृतींत ८, २१ किंवा २२ टोकांचा प्रमाणित सॉकेट असतो आणि डिकोडर त्यात थेट बसतो. जुन्या इंजिनात मात्र तारा जोडाव्या लागतात. त्याचे मुख्य टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

१. इंजिन साध्या विद्युतदाबावर चालवून त्याची यांत्रिक स्थिती तपासणे. अडखळणारे इंजिन डिकोडर बसवल्याने सुधारत नाही.

२. चाके क्षणभर रोखून मोटार किती प्रवाह ओढते ते मोजणे. हा प्रवाह डिकोडरच्या मर्यादेत असावा. एचओच्या डिकोडरसाठी ही मर्यादा बहुधा १ अँपिअरच्या आसपास असते.

३. मोटारीची दोन्ही टोके धातूच्या सांगाड्यापासून व चाकांपासून पूर्णपणे विलग करणे. जुन्या इंजिनांत एक टोक सांगाड्यालाच टेकलेले असते. ते तसेच राहिल्यास वीज देताच डिकोडर जळतो. मल्टिमीटरने केलेली ही तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे.

४. रुळांकडून येणाऱ्या लाल व काळ्या, मोटारीकडे जाणाऱ्या नारिंगी व करड्या आणि दिव्यांच्या पांढऱ्या, पिवळ्या व निळ्या तारा जोडणे. एलईडीच्या मार्गात रोधक घालणे आवश्यक असते.

५. स्पीकर व त्याची पेटी बसवून सर्व सांधे विद्युतरोधक नळीने झाकणे.

६. कवच बंद करण्यापूर्वी मर्यादित प्रवाहाच्या रुळावर डिकोडरचे मूल्य वाचून पाहणे. जोडणीत चूक असल्यास तेथे ती हानीविना लक्षात येते.

भारतातील घरगुती वीज २३० व्होल्टची असते. १२० व्होल्टसाठी बनवलेला परदेशी रोहित्र थेट जोडल्यास तो जळतो व अपघात होऊ शकतो. बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. अशा कोरड्या हवामानात रुळांवर धूळ लवकर साचते, चाकांशी संपर्क तुटतो आणि आवाज मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ व चाके पुसणे आणि डिकोडरला क्षणभर पुरेल एवढी वीज साठवणारा कपॅसिटर जोडणे हे त्यावरील उपाय आहेत.

संग्रह आणि मौलिकता

संग्राहकांच्या दृष्टीने मूळ खोके, सुटे भाग व माहितीपत्रक यांसह असलेली, न उघडलेली प्रतिकृती अधिक मोलाची असते. ध्वनी डिकोडर बसवण्यासाठी सांगाडा कापावा किंवा कोरावा लागल्यास तिची मौलिकता कमी होते. यामुळे दुर्मीळ इंजिन तसेच ठेवून सामान्य प्रतीत ध्वनी बसवण्याची पद्धत रूढ आहे. काढलेले भाग व मूळ जोडणीची छायाचित्रे जपून ठेवल्यास इंजिन पूर्वस्थितीत आणता येते.

जुन्या ओतीव जस्त-मिश्रधातूच्या सांगाड्यांत शिशाची भेसळ असल्यास धातू फुगतो, तडकतो व अखेर भुगा होतो. ही क्रिया थांबवता येत नाही. दमट हवेत ती वेगाने घडते.

दौंड–बारामती आणि इंदापूरचे रेल्वेमार्ग

दौंड–बारामती हा नॅरोगेज मार्ग १९१४ साली सुरू झाला व ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेमार्फत चालवला जाई. पुढे त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील, १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वेही याच रूळरुंदीची होती आणि तिचेही ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले आहे.

इंदापूर शहरात रेल्वे नाही. मात्र मुंबई–सोलापूर मुख्य मार्ग तालुक्याच्या उत्तर भागातून भिगवणजवळून जातो. उजनी धरणाच्या जलाशयामुळे या भागातील मार्ग बदलावा लागला. डिकसळ येथील भीमेवरचा जुना रेल्वेपूल त्यानंतर रस्तेवाहतुकीसाठी वापरला गेला. मुंबई–पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९३० पर्यंत झाले होते, परंतु पुण्याच्या पूर्वेस अनेक दशके आधी वाफेची व नंतर डिझेलची इंजिने धावत राहिली. अलीकडच्या काळात हा मार्गही विद्युतीकृत झाल्याने अ‍ॅल्को इंजिनांचा आवाज येथून जवळजवळ नाहीसा झाला आहे.

या दोन तालुक्यांची रेल्वे मांडणाऱ्यासाठी आवाजाचे तीन वेगळे प्रश्न उभे राहतात. आजच्या विद्युत इंजिनांचा आवाज प्रत्यक्ष ऐकून नोंदवता येतो. अ‍ॅल्को डिझेलचा आवाज ही इंजिने जेथे अद्याप चालू स्थितीत आहेत तेथे मिळू शकतो, पण अशी ठिकाणे कमी होत आहेत. बारामतीच्या नॅरोगेजवरील वाफेच्या इंजिनाचा आवाज त्या मार्गावर पुन्हा मिळणे शक्य नाही. तेथे जुने चित्रपट किंवा खासगी ध्वनिफिती हाच थेट पुरावा ठरू शकतो. तो नसल्यास ७६२ मिमी रुंदीच्याच कालका–शिमला मार्गावर जतन केलेल्या वाफेच्या इंजिनासारखा पर्याय वापरता येतो. मात्र तो पर्याय आहे, हे नोंदवणे आवश्यक असते.

बाजारातील बहुतेक तयार ध्वनी अमेरिकी व युरोपीय इंजिनांचे असतात. डब्ल्यूडीएम-२ साठी अमेरिकेतील अ‍ॅल्को इंजिनाचा आवाज यंत्राच्या दृष्टीने जवळचा असला, तरी त्याचा भोंगा व घंटा भारतीय नसतात. भारतीय इंजिनाच्या कवचात असा आवाज तपशील न देता बसवल्यास पुढील पिढी तोच खरा समजण्याचा धोका असतो. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे छांदिष्ट इंजिनाचा वर्ग व क्रमांक, ध्वनिमुद्रणाचे ठिकाण, दिनांक आणि कोणते ध्वनी उसने घेतले आहेत, यांची लेखी नोंद प्रतिकृतीसोबत ठेवतात.

ध्वनिमुद्रण आणि कायदा

उपयुक्त ध्वनिमुद्रणात इंजिन सुरू होणे, स्थिर घरघर, प्रत्येक नॉच, नॉच बदलताना होणारे संक्रमण, भोंगा व इंजिन बंद होणे हे भाग वेगवेगळे आणि इतर आवाजांपासून मुक्त असावे लागतात. फलाटावरून जाणाऱ्या गाडीचे ध्वनिमुद्रण स्मृती म्हणून मोलाचे असते, परंतु इंजिन दूर जाताना स्वर उतरत असल्याने ते डिकोडरसाठी फारसे उपयोगी पडत नाही. शेडमध्ये ध्वनिमुद्रण करण्यासाठी रेल्वे प्रशासनाची परवानगी लागते. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना प्रवेश करणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे. ध्वनिमुद्रणांना प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार ६० वर्षांचे संरक्षण असल्याने इतरांचे ध्वनी परवानगीशिवाय वितरित करता येत नाहीत.

पुण्यातील संग्रहालय

पुण्यातील कोथरूड भागात जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. प्रतिकृती रेल्वेचा छंद असलेले भाऊसाहेब जोशी यांनी ते उभारले आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते खुले झाले. एचओ मापप्रमाणातील शहर, सिग्नल, पूल व विविध प्रकारच्या धावत्या गाड्या येथे पाहावयास मिळतात. बारामती व इंदापूर परिसरातील विद्यार्थ्यांना मापप्रमाण, सिग्नल व रेल्वेची रचना प्रत्यक्ष समजून घेण्यासाठी हे जिल्ह्यातीलच ठिकाण आहे.

मर्यादा

लांबी, रुंदी व उंची १:८७ प्रमाणात लहान करता येतात, पण ध्वनी तसा लहान करता येत नाही. वारंवारता त्याच प्रमाणात बदलल्यास इंजिन ओळखूच येणार नाही. म्हणून स्वर मूळचाच ठेवून केवळ तीव्रता कमी केली जाते. जमिनीला बसणारा हादरा, वाफेची ऊब किंवा तेलाचा वास प्रतिकृतीतून मिळत नाही. ध्वनी डिकोडर हा मूळ इंजिनाचा पर्याय ठरू शकत नाही. योग्य नोंदीसह बसवलेला आवाज मात्र, इंजिन भंगारात गेल्यानंतरही, ते कसे चालत होते याचा ऐकता येणारा पुरावा म्हणून उरतो.